दोनशे तेरावा अभिप्राय

“सत्तेचाळिसाव्या ओळीत माझा अर्धविराम राहिला असेल का हो सर?” फोनवरच्या बाईंनी विचारलं. “मी तीनदा ताडून पाहिलंय. फूटपट्टी ठेवून, ओळ न् ओळ. पण वय झालं, नजर दगा देते.”

तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत जेवणाची सुट्टी चालू होती. काकांनी सोल्डरिंग आयर्न स्टँडमध्ये अडकवलं आणि फोन उजव्या कानाला लावला. डाव्या कानाने त्यांना जरा कमी ऐकू यायचं.

“कोडमध्ये अर्धविराम राहिला असता तर दाराचं यंत्र सुरूच झालं नसतं बाई. चालत होतं ना?”

“दीड महिना छान चाललं. दार उघडलं की माझ्या फोनवर लगेच निरोप. हे उंबऱ्यापर्यंत जायचे आणि मी पोचायचे. यांना विसरायला होतं ना, बाहेर पडले की घर सापडत नाही. मग त्या मंगळवारी सकाळी वीज गेली. अर्ध्या तासाने आली. यंत्रावरचा हिरवा दिवा लागलेला मी स्वतः पाहिला. म्हटलं, झालं सुरू. आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. दार उघडल्याचा निरोप आलाच नाही.”

“मग?” काकांनी विचारलं.

“संध्याकाळी सापडले. नव्या रस्त्यासाठी चर खणलाय, त्यात पडले होते. खुब्याचं हाड मोडलंय. आता अंथरुणातच असतात. मुलगी म्हणते, आई, तू यंत्राच्या जिवावर निर्धास्त राहिलीस. ते खरंच आहे. पण माझं नेमकं चुकलं कुठे, एवढं तरी मला कळायला हवं. तुमच्या वेबसाइटवर त्या पानाखालचे सगळे अभिप्राय मी वाचलेत, दोनशे बारा. एकालाही अडचण आलेली नाही. म्हणजे चूक माझीच, नाही का?”

काकांनी समोरच्या कपाटाकडे पाहिलं. कपाटात मीटर ओळीने मांडून ठेवलेले होते.

“राउटरचं काहीतरी असेल,” ते म्हणाले. “बघावं लागेल. मी बघतो.”

“तुमचा वेळ घेतला. माफ करा हं,” म्हणून बाईंनी फोन ठेवला.

अभिप्राय दोनशे बारा नव्हते, दोनशे तेरा होते. एक काकांनी पुसला होता.

एकोणतीस वर्षं ते या प्रयोगशाळेत सहायक होते. मुलांना तारा मोजून द्यायच्या, मीटर मोजून परत घ्यायचे, जळालेला बोर्ड कुणी जाळला हे न विचारता बदलायचा. पदवी नव्हती, त्यामुळे ‘सर’ कधी झाले नाहीत. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचे ते काका. नव्याने लागलेले प्राध्यापक गुपचूप येऊन त्यांना विचारायचे, “काका, हे सर्किट चालत का नाही?” आणि दहा मिनिटांनी तेच वर्गात जाऊन शिकवायचे. काकांना त्याचं काही वाटत नसे. निदान तसं ते बायकोला सांगत.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःची एक वेबसाइट सुरू केली. घरच्या घरी पहिलं वेबपान कसं बनवावं, कोड बदलण्याआधी जुन्या कोडची प्रत कुठे ठेवावी, सेन्सर खोटे आकडे दाखवायला लागला तर आधी काय तपासावं, अशी पानं ते लिहीत. लिहिण्याची पद्धत अशी, की शेजारी बसून बोलताहेत. ‘लाल तार लाल जागी आहे हे पुन्हा बघा. आत्ता बघितलंत ते नव्हे, पुन्हा.’ लोकांना ते आवडायचं. कोण कुठली माणसं लिहायची, ‘सर, तीन दिवस डोकं धरून बसलो होतो, तुमचं वाचून पाच मिनिटांत जमलं.’ त्या पानांवर काकांना कुणी काका म्हणत नसे.

सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पान दाराचं होतं. दाराला एक चुंबक, चौकटीला एक स्विच, काडेपेटीएवढा एक बोर्ड. दार उघडलं की बोर्ड घरच्या इंटरनेटवरून फोनला निरोप धाडणार. वीज जाऊन आली तरी बोर्ड आपोआप पुन्हा जोडला जाईल, असं काकांनी ठासून लिहिलं होतं. बोर्डाचा प्लग त्यांनी वीस वेळा काढून पाहिला होता आणि वीसही वेळा तो जोडला गेला होता. पण त्यांच्या घरी राउटरला बॅटरी होती. घरात इंटरनेट आणणारी ती डबी कधी बंदच पडत नसे. इतर घरांत वीज गेली की बोर्ड आणि राउटर बरोबरच झोपतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ते एकाच्या ध्यानात आलं. एका शुक्रवारी चार वाजता पानाखाली अभिप्राय आला. ‘सर, नुसता बोर्डाचा नव्हे, राउटरचाही प्लग एकदम काढून बघा. राउटरला जागं व्हायला दोन मिनिटं लागतात. तुमचा बोर्ड वीस सेकंदांत नाद सोडतो आणि हिरवा दिवा लावून मुका बसतो. घरात बॅटरी असणाऱ्याने जगाला शहाणपण शिकवू नये.’ खाली नाव होतं, ‘खडूस’.

इतकी वर्षं तारांत घालवलेल्या माणसाला अशी गोष्ट वाचताक्षणी पटते. काकांनाही पटली. पण दुसऱ्या दिवशी तंत्रनिकेतनाच्या सभागृहात त्यांचा गौरव होणार होता. प्राचार्यांना कुठून तरी वेबसाइटचा पत्ता लागला होता आणि ती भिंतीवर मोठी करून सगळ्यांना दाखवायची असं ठरलं होतं. बायकोने शर्ट इस्त्री करून ठेवला होता. सगळ्यांसमोर भिंतीवर पहिलाच अभिप्राय हा दिसणार. सोमवारी तपासू, दुरुस्त करू, त्या खडूसला उत्तरही देऊ, असं म्हणत काकांनी तो पुसून टाकला. एक बोट दाबायचं काम.

शनिवारी प्राचार्यांनी पान वर-खाली सरकवलं आणि म्हणाले, “दोनशेच्या वर अभिप्राय, आणि एक तक्रार नाही!” टाळ्या झाल्या. काकांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या. नंतर रजिस्टरं आली, नंतर जुन्या सामानाची यादी. आपण विसरलो, असं काका स्वतःला सांगत. ते विसरले नव्हते. ते पान उघडायचंच ते टाळत होते. आणि पुसल्यापासून नवव्या दिवशी त्या बाईंनी दोनशे बारा अभिप्राय वाचून यंत्र बनवायला घेतलं होतं.

बाईंचा फोन आला त्या दिवशी काका चार वाजताच घरी आले. राउटरची बॅटरी काढली आणि घराचं मेन स्विच खाली ओढलं.

“अहो! इस्त्री चालू आहे माझी!” आतून बायको ओरडली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची आणि दुपारी घरी यायची.

काकांनी पाच मिनिटं थांबून स्विच वर केलं. बोर्डाचा हिरवा दिवा लागला. त्यांनी दार उघडलं. फोन गप्प. दार लावलं, पुन्हा उघडलं. फोन गप्प.

“आत येताय की बाहेर जाताय?” बायको हातात शर्ट घेऊन उभी होती.

काका जेवणाच्या टेबलाशी बसले आणि कोड उघडला. जोडणी तुटली तर पुन्हा पुन्हा प्रयत्न कर, आणि ती मिळेपर्यंत हिरवा नव्हे, लाल दिवा लाव. सहा ओळी. लिहायला त्यांना सात मिनिटंही लागली नाहीत, आणि तेच जास्त झोंबलं. मग त्यांनी वेबसाइटवरचा कोड बदलला आणि पानाच्या अगदी तळाशी लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा केली आहे.’

बायको मागे येऊन कधी उभी राहिली ते त्यांना कळलं नाही.

“किरकोळ तर तोंड असं का झालंय?”

तेव्हा त्यांनी बाईंचा फोन आल्याचं सांगितलं. दार, चर, खुबा. अभिप्रायाचंही सांगितलं, पण फार भरभर. बायको खुर्ची ओढून समोर बसली.

“मग तुम्ही त्यांना काय सांगितलंत?”

“बघतो म्हटलं.”

“काय बघणार आता? बघून तर झालं. दुकानात मी एकदा चुकून दुसरीच गोळी दिली होती, आठवतंय? त्या माणसाच्या दारात जाऊन उभी राहिले होते. तुम्हीच पाठवलं होतंत मला.”

“ते निराळं होतं.”

“निराळं काय त्यात?”

बायकोकडून फक्त चूक झाली होती, हे त्यांना ठाऊक होतं.

फोनवर पत्ता विचारून रविवारी सकाळी ते बाईंच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दाराच्या चौकटीवर काकांना आपलं यंत्र दिसलं आणि ते क्षणभर बघतच राहिले. एकोणतीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याने इतकं स्वच्छ काम केलं नव्हतं. तारा सरळ, एका मापाने कापलेल्या. प्रत्येक तारेला कागदाची बारीक पट्टी, आणि पट्टीवर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं, कुठली तार कुठे जाते ते.

दार मुलीने उघडलं. चाळिशीची असेल. वडिलांसाठी नोकरीतून रजा काढून दुसऱ्या शहरातून आली होती. तिने काकांकडे नीट पाहिलंही नाही. “आई, तुझे सर आलेत,” एवढंच म्हणाली.

बाई लहानखुऱ्या, ताठ बसणाऱ्या. चष्मा दोरीने गळ्यात. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली होती, असं त्यांनी सांगितलं. त्यांचे पती भूमापक होते. आयुष्यभर उन्हातान्हात जमिनी मोजत हिंडले. “म्हणूनच पाय घरात ठरत नव्हते,” बाई म्हणाल्या. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्यातून पलंगाचा खालचा भाग दिसत होता. चादरीखाली दोन पाय. ते हलत नव्हते.

“मी नवीन कोड आणलाय,” काका म्हणाले. “पाच मिनिटांत घालून देतो.”

“यंत्र आता कशाला सर? हे उठतात कुठे.” बाई सहज म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतात, चालणं कठीण आहे. मला फक्त चूक दाखवा.”

टेबलावर चार छापील कागद होते, काकांचाच कोड, कोपऱ्यात छापल्याची तारीख. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीच्या तीन बारीक खुणा. बाईंनी चष्मा लावला, पहिल्या ओळीखाली फूटपट्टी ठेवली आणि शाळकरी मुलीसारखी वाट बघत बसल्या.

“तुम्ही सगळं बरोबर उतरवलंय,” काका म्हणाले.

“मग?”

आता सांगायचं, असं ठरवून ते आले होते. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण मुलगी भिंतीला टेकून उभी होती, आणि बाई त्यांना सर म्हणत होत्या.

“तुमचं राउटर जरा उशिरा जागं होतं. बोर्डाने वाट पाहिली आणि सोडून दिली.”

“म्हणजे वीज आल्यावर मी राउटर तपासायला हवं होतं.”

“तसं… म्हणता येईल.”

बाईंनी एक लहान वही उघडली आणि त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. काकांना उलट्या बाजूनेही वाचता आलं. ‘माझी चूक: राउटर तपासलं नाही.’ खाली तारीख घातली. मग त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसल्या.

“बरं झालं तुम्ही आलात. चूक सापडली की माणूस मोकळा होतो. न सापडलेली फार छळते.” त्यांनी चहाचं विचारलं. काका नको म्हणाले आणि उठले.

दार मागे नीट लागलं नाही. अर्धा मजला उतरून काका पायऱ्यांच्या वळणावर थांबले, कारण वरून मुलीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

“बघ. म्हणजे तुझंच चुकलं ना? मी तेव्हाच म्हणत होते, दाराला साधं कुलूप लाव. पण तुला हौस!”

“हो गं,” बाईंचा आवाज आला. “माझंच.”

काका कठड्याला धरून उभे राहिले. खाली रस्ता होता. रस्त्यावर गेलं की हे इथेच मिटणार होतं, कायमचं. बाईंच्या वहीत तारीखसुद्धा पडली होती. पुढे कितीदा तरी त्यांना वाटलं, की तेव्हा आपण परत वर गेलो ते काही चांगुलपणाने नव्हे. ते ‘माझंच’ ऐकून अंगाला जो काटा आला, तो सोसवला नाही म्हणून गेलो.

त्यांनी पुन्हा बेल वाजवली.

“काही राहिलं का?” मुलीने विचारलं.

“बाईंचं काही चुकलेलं नाही,” काका दारातूनच म्हणाले. “माझं चुकलंय. कोडमध्येच दोष होता. आणि तो मला माहीत होता.”

आतून बाई उठून आल्या. “माहीत होता म्हणजे?”

“एकाने मला लिहून कळवलं होतं. पानाखाली. मी ते पुसलं.”

“कधी?” मुलीने विचारलं.

“तुमच्या आईंनी पान वाचलं त्याच्या नऊ दिवस आधी.”

“का पुसलंत?”

काकांनी मनाशी जुळवलेल्या वाक्यात याचं उत्तर नव्हतं. “दुसऱ्या दिवशी माझा गौरव होता,” ते शेवटी म्हणाले. “सगळ्यांना ते दिसलं असतं.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. ती ओरडेल अशी काकांना अपेक्षा होती, खरं तर आशाच होती. पण ती वळली आणि आईकडे न बघता खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. “काय लिहिलं होतं त्याने? शब्दशः सांगा.”

काकांना तो अभिप्राय पाठ होता. त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत म्हणून दाखवला, शहाणपणाच्या वाक्यासकट.

“चांगलं लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “नेमकं. एक शब्द जास्तीचा नाही.” त्यांनी टेबलावरची वही उघडली, ‘माझी चूक’वर एक सरळ रेघ मारली आणि वही मिटली. “आता ते पान दुरुस्त करा. इथे बसून.”

मुलीने आपला लॅपटॉप आणून टेबलावर आदळला. काकांनी आपलं पान उघडलं, वर जागा केली आणि लिहायला लागले. ‘या पानावरील कोडमध्ये एक त्रुटी राहून गेली होती,’ त्यांनी लिहिलं.

बाई चष्मा लावून मागे उभ्या होत्या. “राहून गेली?”

काकांनी मान मागे वळवली.

“राहून गेलेल्या चुका मी चाळीस वर्षं काढल्यात सर. त्या कुणाला दिसलेल्या नसतात, म्हणून राहतात. ही तुम्हाला दाखवली होती. आणि तुम्ही दाखवणाऱ्याचे शब्द पुसलेत. तसं लिहा.”

काकांनी वाक्य खोडलं. मग लिहिलं, ‘या पानावरच्या कोडमध्ये चूक होती. ती एका वाचकाने मला दाखवली. मी त्याचा अभिप्राय पुसला आणि चूक तशीच ठेवली. त्यामुळे एका घरातला माणूस जायबंदी झाला. ते यंत्र बसवणाऱ्याची काहीही चूक नव्हती.’ खाली खडूसचा अभिप्राय जसाच्या तसा, त्याच्या नावासह टाकला. मग कृती लिहिली: बोर्ड आणि राउटर, दोघांचे प्लग एकदम काढा, पाच मिनिटं थांबा, दोन्ही लावा, दार उघडा, फोन बघा. लाल दिवा असेल तर यंत्र चालू आहे असं समजू नका. हे दहा वेळा करा.

“‘दोघांचे’ माणसांना,” बाई म्हणाल्या. “वस्तूंना ‘दोन्हींचे’.”

काकांनी तेही बदललं.

निघताना मुलगी दारापर्यंत आली. डोळे पुसलेले होते. “परत येऊ नका,” ती म्हणाली. बाईंनी ते ऐकलं आणि टेबलावरचे कागद गोळा केले.

पुढच्या आठवड्यात त्या पानाखाली पुष्कळ काही आलं. काहींनी शिव्या घातल्या. काहींनी समजूत घातली, ती शिव्यांपेक्षा जड गेली. वृद्धांच्या एका निवासातल्या व्यवस्थापकाने लिहिलं, की त्यांच्याकडे अशी तीन यंत्रं आहेत, तिन्ही तपासली, तिन्ही मुकी निघाली, आता दुरुस्त केली. खडूसने दोनच शब्द लिहिले, ‘आता बरोबर.’ प्राचार्यांनी बोलावून घेतलं. “काका, एवढं जाहीर कशाला लिहायचं? संस्थेचं नाव येतं त्यात,” ते म्हणाले आणि संस्थेच्या संकेतस्थळावरून काकांच्या वेबसाइटचा उल्लेख काढून टाकला. प्राध्यापक मात्र पूर्वीसारखेच गुपचूप सर्किटं घेऊन येत राहिले. काकांना आता त्यांच्या नजरेला नजर द्यायला जड जाई. त्यांना काय ठाऊक आहे, काय नाही, हे कळत नसे.

एका सोमवारी बाईंची ईमेल आली. मायना नाही, खाली नाव नाही. नुसती यादी. ‘सेन्सरचं पान, ओळ एकोणीस: पाच व्होल्ट लिहिलंय, चित्रात तीन दाखवलंय. वेबपानाचं पान, ओळ सहा: ही फाइल कुठे ठेवायची ते सांगितलेलं नाही.’ बाई त्यांची सगळी पानं पहिल्यापासून वाचत होत्या. काकांनी प्रत्येक गोष्ट करून पाहिली. बाईंचं प्रत्येक म्हणणं खरं होतं. त्यांनी पानं सुधारली आणि उत्तर धाडलं, ‘दुरुस्त केलं.’ पुढच्या सोमवारी दुसरी यादी आली. मग तिसरी. काका रविवारी बायकोला म्हणत, “उद्या सोमवार,” आणि त्यांच्या आवाजात भीती होती की ओढ, हे तिला सांगता आलं नसतं.

सातव्या यादीच्या शेवटी एक परिच्छेद होता. ‘मुलगी रजा संपवून कामावर गेली. यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याला दोन माणसं लागतात. रविवारी सेविका येत नाही. शेजारी आहेत, पण या रविवारी ते गावाला जाताहेत. सकाळी अकराला येऊ शकाल का? हे मुलीला कळवलं आहे.’

काका साडेदहालाच पोचले आणि अकरा वाजेपर्यंत खाली फाटकापाशी उभे राहिले.

भूमापक उंच होते. पलंगाच्या टोकाला पाय टेकत होते. काकांनी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं, फक्त चादरीखालचे पाय पाहिले होते. चेहरा शांत, दाढी नीट केलेली. ते काकांकडे कुतूहलाने बघत राहिले.

“एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली,” बाई पलीकडून म्हणाल्या. “ओढायचं नाही. मी तीन म्हटलं की वळवायचं.”

काकांनी हात खाली घातले. अंग ऊबदार होतं, आणि त्यांना वाटलं होतं त्याहून खूप हलकं. बाईंनी आकडे मोजले. तिनावर त्यांनी त्या माणसाला आपल्याकडे वळवलं. भूमापकांच्या तोंडून दुखल्याचा बारीक आवाज निघाला, आणि त्यांचा चेहरा काकांच्या छातीपाशी आला. त्यांनी वर पाहिलं.

“फार त्रास दिला तुम्हाला,” ते म्हणाले. आवाज स्वच्छ होता, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसा. “ओळख ना देख, आणि एवढं करता. उपकार झाले हो.”

काकांनी पलीकडे बाईंकडे पाहिलं. त्या नवऱ्याच्या पाठीवर तेल चोळत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, “सोडू नका. अजून उशी लावायची आहे.”

काका हात तसेच ठेवून उभे राहिले.